जुना ट्रक, पहाटेचा गारठा आणि अडणारा गिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळीत हंगाम आणि पहाटेचा गारठा सातारा व सांगली जिल्ह्यांत साधारण एकाच सुमारास सुरू होतात, आणि वर्षभर तक्रार न करता चाललेला जुना ट्रक नेमका कारखान्याच्या यार्डात, रांग पुढे सरकत असताना, गिअर घेईनासा होतो. कराडजवळच्या आमच्या वर्कशॉपकडे याविषयी दर हिवाळ्यात तेच ते प्रश्न येतात. ते येथे शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत दिले आहेत. पहिली बारा उत्तरे हाताने गिअर बदलण्याच्या जुन्या मालवाहू ट्रकसाठी आहेत. ऑटोमॅटिक आणि एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्रणा हलवते अशा) गाड्यांचे प्रश्न १३ पासून पुढे आहेत.

१. थंडीत गिअर जड पडणे हे सगळ्याच जुन्या गाड्यांचे असते ना? मग त्यात काळजी करण्यासारखे काय आहे?

थोडा जडपणा स्वाभाविक आहे. गार झाल्यावर गिअर ऑइल घट्ट होते, दातांमधून आणि सिंक्रो रिंगांमधून (गिअर गुंतण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्यांमधून) ते लवकर सरकत नाही, त्यामुळे लिव्हरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. परंतु आपल्याकडची थंडी किती, हे लक्षात घेतले पाहिजे. सातारा, कराड, मिरज या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतली पहाट बहुतेक दिवस १० ते १५ अंशांच्या आसपास असते, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते तेव्हाही पारा शून्याच्या फार खाली जात नाही. ८०डब्ल्यू प्रतीच्या गिअर ऑइलची थंडीतली कसोटी उणे २६ अंशांवर घेतली जाते, तर ८५डब्ल्यू प्रतीची उणे १२ अंशांवर. म्हणजे ज्या गारठ्यासाठी हे ऑइल बनवलेले असते, त्याच्या जवळपासही आपली पहाट पोहोचत नाही. त्यामुळे पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतरही गिअर जडच राहत असेल, किंवा दात घासल्याचा आवाज येत असेल, तर थंडीला दोष देऊन चालणार नाही. आत आधीपासून असलेली खराबी थंडीने फक्त उघडी पाडलेली असते, आणि उन्हाळा आला की ती झाकली जाते एवढेच.

२. थंडीत दुसराच गिअर का अडतो? तिसरा-चौथा तर सहज पडतात.

सिंक्रो रिंगेचे काम असे असते की, गिअर गुंतण्यापूर्वी फिरणाऱ्या दोन भागांचा वेग तिने घर्षणाने सारखा करायचा. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधले अंतर वरच्या गिअरांपेक्षा मोठे असते, म्हणून दुसऱ्याच्या रिंगेला सर्वांत जास्त काम पडते आणि सहसा तीच आधी झिजते. त्यात ऑइल घट्ट असले की, रिंग आणि शंकूच्या आकाराचा पृष्ठभाग यांच्यामधला ऑइलचा थर लवकर पिळून निघत नाही, आणि तो निघेपर्यंत रिंगेची पकड बसत नाही.

तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना आणखी एक अडचण येते. वरचा गिअर टाकताना आतल्या शाफ्टचा वेग कमी व्हायला हवा असतो आणि घट्ट ऑइल त्याला मदतच करते. खालचा गिअर टाकताना मात्र शाफ्टचा वेग वाढवावा लागतो आणि तेच ऑइल त्याला अडवते. अशा वेळी डबल क्लच करावा, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श द्यावा, पुन्हा क्लच दाबावा आणि मग गिअर टाकावा. जुन्या चालकांच्या पायात ही सवय मुरलेली आहे. नव्या मुलांना ती मुद्दाम शिकवावी, असे आम्ही प्रत्येक मालकाला सांगतो.

३. सकाळी निघण्यापूर्वी इंजिन किती वेळ चालू ठेवावे?

एअर टाकीचा दाब पूर्ण होईपर्यंत, आणि त्याहून फार जास्त नाही. हा दाब भरेपर्यंत ट्रक हलवायचाच नसतो, त्यामुळे तेवढा वेळ आपोआप मिळतो. तेवढ्या वेळात गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लचवरचा पाय काढून घ्यावा. क्लच सोडलेला असतानाच इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट फिरतात आणि तळाला बसलेले ऑइल वर उडवतात. क्लच दाबून बसल्यास गिअरबॉक्स आतून थांबलेलाच राहतो.

गिअरबॉक्समध्ये काही जळत नसल्यामुळे त्याचे ऑइल इंजिनाइतक्या लवकर तापत नाही. ते भाराखाली दात फिरल्यानेच तापते. म्हणून अर्धा तास जागेवर इंजिन चालवून डिझेल जाळण्यापेक्षा पहिले एक-दोन किलोमीटर खालच्या गिअरमध्ये, घाई न करता चालवणे अधिक उपयोगाचे ठरते.

४. दोष क्लचमध्ये आहे की गिअरबॉक्समध्ये, हे गिअरबॉक्स न उतरवता कसे ओळखावे?

आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण ट्रकचा गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे हंगामातले किमान एक-दोन दिवस आणि मजुरी यांचा हिशेब असतो. खालील चाचणीला कोणतेही हत्यार लागत नाही; मात्र ती रात्रभर गार झालेल्या गाडीवर, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून आणि चाकांना ठोकळे लावूनच करावी.

इंजिन बंद असताना क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे अडला, तर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा आणि परत प्रयत्न करावा. त्यानंतर इंजिन सुरू करून, एअरचा दाब भरू देऊन, तेच पुन्हा करावे. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, असे आढळल्यास क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. बंद इंजिनावरही तितकेच जड पडत असतील, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे लिंकेज, त्याचे सुकलेले बुश, वाकलेला रॉड किंवा घट्ट ऑइल यांकडे पाहावे. उभ्या गाडीवर दोन्ही वेळा सहज, पण चालत्या गाडीत एखादाच ठरावीक गिअर अडतो किंवा घासतो, असे असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी चाचणी रिव्हर्सची आहे. इंजिन आयडलवर ठेवून क्लच पूर्ण दाबावा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजून मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबायला हवा, आणि गार ऑइलमध्ये तर तो अधिकच लवकर थांबतो. तरीही दात कडाडले, तर शाफ्टला कोणीतरी फिरवत आहे, म्हणजेच क्लच ओढत आहे.

आवाजावरूनही बरेच कळते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तेव्हा इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग तपासावे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वर्कशॉपमध्ये सिंक्रो गेले असे गृहीत धरून एका ट्रकचा गिअरबॉक्स उतरवला गेला, रिंगा बदलल्या गेल्या आणि बसवल्यानंतर तक्रार जशीच्या तशी राहिली. पायलट बेअरिंग जाम होऊन इनपुट शाफ्टला सोबत फिरवत होते, हे दुसऱ्यांदा उतरवल्यावर दिसले. त्या मालकाचे हंगामातले चार दिवस आमच्या घाईमुळे वाया गेले, आणि त्याची खंत अजून आहे. तेव्हापासून या चाचण्या केल्याशिवाय आम्ही बोल्टला पाना लावत नाही.

५. क्लच एकदा दाबून गिअर पडत नाही, पण दोन-तीनदा पंप केला की पडतो. हे कशामुळे?

क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरली आहे, किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरचे रबर गळत आहे. जुने रबर गारठ्यात कडक होते आणि सिलिंडरच्या भिंतीला नीट चिकटत नाही. गाडी तापल्यावर तेच रबर मऊ होऊन काम करू लागते, म्हणून दुपारी मिस्त्रीकडे नेल्यावर दोष दिसत नाही. आधी टाकीतील फ्लुइडची पातळी पाहावी, मग लाइनमधली हवा काढून घ्यावी. हवा काढल्यानंतर आठवडाभरात तक्रार परत आली, तर सिलिंडरची किट बदलावी. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे पाहताना ते काळपट झालेले असल्यास पूर्ण बदलणेच योग्य. त्यात दुसरे कोणतेही ऑइल कधीही घालू नये, कारण त्याने रबर फुगते आणि क्लचचे पेडल खालीच राहते.

६. पहाटे क्लचचे पेडल दगडासारखे जड लागते आणि थोड्या वेळाने हलके होते. प्रेशर प्लेट गेली का?

बहुधा नाही. ज्या ट्रकच्या क्लचला एअर बूस्टर आहे, त्यात पेडल हलके करण्याचे काम हवेचा दाब करतो. रात्रभरात टाकी रिकामी झाली असेल, तर सकाळी सगळा जोर पायालाच लावावा लागतो. दाब भरला की पेडल हलके होते, यावरूनच प्लेट ठीक असल्याचे समजते. येथे थंडीपेक्षा गळती महत्त्वाची आहे. दाब थोडा उतरणे चालते, पण रोज काटा शून्यावर येत असेल, तर जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी.

एअर टाक्यांचे ड्रेन व्हॉल्व्ह रोज उघडून पाणी काढावे. हिवाळ्यात ते जास्त साचते आणि बूस्टरमधले ग्रीस धुऊन टाकते. आणि हे आवर्जून सांगावेसे वाटते की, यार्डात मागून हॉर्न वाजत असला तरी दाब पूर्ण भरल्याशिवाय ट्रक पुढे घेऊ नये. त्याच हवेवर ब्रेकही चालतात, आणि रांगेत दोन ट्रकांच्या मध्ये पहाटे माणसे झोपलेली असतात.

बूस्टर नसलेल्या गाडीत पेडल सकाळी जड लागत असेल, तर क्लच फोर्कच्या शाफ्टचे बुश किंवा केबल सुकलेली असते.

७. गिअरबॉक्समध्ये कोणते ऑइल घालावे? आमचे मिस्त्री १४० म्हणतात आणि दुकानदार ९० देतो.

गाडीच्या पुस्तकात जे लिहिले आहे ते. पुस्तक हरवले असेल, तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी क्रमांक देऊन विचारावे. याबाबत अंदाज करू नये, कारण काही गिअरबॉक्सना ८०डब्ल्यू-९० सांगितलेले असते, तर काहींना चक्क इंजिन ऑइल.

मिस्त्री १४० का सुचवतात, त्यालाही कारण आहे. झिजलेला गिअरबॉक्स जाड ऑइलमध्ये कमी आवाज करतो. शंभर अंश तापमानाला ९० प्रतीच्या ऑइलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, मोजली तर ती १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान येते आणि १४० ची २४ ते ३२.५ च्या दरम्यान. गार ऑइलमध्ये हे अंतर कितीतरी पटींनी वाढते. एप्रिलमध्ये खंबाटकी घाट भरल्या गाडीने चढताना त्याचा त्रास जाणवणार नाही, पण जानेवारीत पहाटे चारला तेच ऑइल सिंक्रो रिंगेला काम करू देत नाही. शिवाय डब्यावर डब्ल्यू (थंडीतल्या प्रतीची खूण) नसलेले नुसते १४० असेल, तर थंडीतली कसोटी त्यावर घेतलेलीच नसते. आवाज झाकण्यासाठी जाड ऑइल घालणे म्हणजे बेअरिंगचे काम पुढे ढकलणे होय, आणि ढकललेले बेअरिंग शाफ्टही खराब करते.

डब्यावर लिहिलेल्या जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन प्रकारांतला फरक त्याहून कमी लोकांना माहीत आहे. जीएल-५ हे मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनसारख्या, दात एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या जोडीसाठी बनवलेले असते आणि त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त घटक अधिक असतात. पितळी सिंक्रो रिंगा असलेल्या ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितले आहे, त्यात ते घातल्यास रिंगेला लागणारे घर्षण कमी पडू शकते आणि काही ऑइलमधले घटक तापल्यावर पितळेवरही परिणाम करतात. बहुतेक वर्कशॉपमध्ये एकच ड्रम असतो आणि त्यातूनच क्राउनही भरला जातो आणि गिअरबॉक्सही; थंडीत दुसरा गिअर अडण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ आम्हाला याच ड्रममध्ये सापडले आहे. ऑइल भरताना डब्यावरचे लेबल स्वतः वाचावे.

जुने ऑइल गाडी चालवून आल्यावर, गरम असतानाच काढावे, म्हणजे तळाचा गाळ सोबत निघतो. नवे ऑइल सपाट जागेवर लेव्हल प्लगच्या कडेपर्यंत भरावे. त्याहून जास्त भरल्यास सील गळून ऑइल क्लच प्लेटवर येऊ शकते. निघालेले ऑइल पांढऱ्या कापडावर पसरून पाहावे. सोनेरी भुकटी सिंक्रो रिंगेची असते आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा काळा लोणीसारखा थर जुन्या गाडीत अपेक्षितच असतो. नखाएवढे पोलादी तुकडे मात्र दिसले, तर ती गाडी पुन्हा माल भरायला पाठवू नये.

८. ऑइल पातळ व्हावे म्हणून त्यात थोडे डिझेल घातले तर चालेल का? आणि खाली शेकोटी करून गिअरबॉक्स तापवला तर?

दोन्ही करू नये. डिझेल किंवा रॉकेल घातल्याने गिअर त्या दिवशी हलका पडेल, पण ऑइलचा थर दातांवर टिकणार नाही आणि भरल्या गाडीत घाट चढताना बेअरिंग कोरडे पडेल. एकदा घातले असेल, तर ऑइल पूर्ण बदलण्याशिवाय उपाय नाही. शेकोटीविषयी एवढेच सांगतो की, गिअरबॉक्सच्या आजूबाजूला डिझेलचे पाइप, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या आणि ऑइलने माखलेली माती असते, आणि उसाच्या गाडीत त्यावर वाळलेले पाचटही अडकलेले असते. आपल्याकडच्या थंडीला आगीची गरज नाही. प्रश्न ३ मधली पद्धत पुरेशी आहे.

९. आमचा ट्रक पुरात उभा होता. पावसाळ्यात ठीक चालला, आता थंडीत गिअर अडतात. याचा संबंध आहे का?

असू शकतो, आणि सांगली-मिरज भागातल्या जुन्या गाडीबाबत तो आधी तपासावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरात अनेक वाहने पाण्यात उभी राहिली होती, आणि त्यांपैकी काही नंतर विकलीही गेली असतील, हे धरून चालावे. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा जाण्यायेण्यासाठी ब्रीदर असतो; पाणी त्यातून, सीलच्या कडांतून आणि लिव्हरच्या बुटातून आत शिरते. ऑइल दुधाळ किंवा चहासारखे दिसले, तर पाणी मिसळले आहे असे समजावे. असे ऑइल गार झाल्यावर अधिकच चिकट होते, आणि गाडी उभी राहिली की सिलेक्टर रॉडवर व बेअरिंगवर गंज धरतो.

ऑइल काढून नवे भरावे, पन्नास-साठ किलोमीटर रिकामी गाडी चालवावी आणि ते पुन्हा काढून पाहावे. परत दुधाळ निघाले, तर आणखी एकदा बदलावे. क्राउनचे ऑइल आणि चाकांच्या हबमधले ग्रीसही त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण पाणी एकट्या गिअरबॉक्समध्ये शिरत नाही. ब्रीदर काढून साफ करावा. शेतातल्या चिखलाने तो बंद झाल्यास पुरात न गेलेल्या गाडीतही सील गळू लागतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर सौदा ठरवण्यापूर्वी लेव्हल प्लग उघडून बोटाने ऑइल पाहावे.

१०. ट्रक पावसाळाभर उभा होता. हंगामासाठी सुरू केला तर क्लच दाबूनही गिअर पडत नाही. आता काय करावे?

ओलाव्यामुळे क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली आहे, किंवा शाफ्टच्या खाचांवर सरकत नाही. प्रश्न ४ मधली बंद इंजिनाची चाचणी करून खात्री करावी आणि प्रश्न ५ मधला हवेचा दोष नाही हेही पाहावे.

इंजिन न्यूट्रलमध्ये चांगले तापू देऊन काही वेळ क्लच वरचेवर दाबत राहिल्यास बऱ्याचदा प्लेट सुटते. नाही सुटली, तर एअरचा दाब पूर्ण भरून इंजिन बंद करावे, खालचा गिअर टाकावा, क्लच दाबून सेल्फ मारावा आणि गाडी चालू लागताच क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक लावावा. त्या झटक्याने प्लेट सुटते. मात्र हे जाणत्या चालकाने, समोर मोकळे मैदान असताना, रिकाम्या गाडीवरच करावे, आणि पुढे-मागे कोणीही उभे असू नये. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही, तर गिअरबॉक्स उतरवावा, कारण अधिक झटक्यांनी प्लेटचे अस्तर निघून येते. पुढच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करून आवारात पुढे-मागे केल्यास हा प्रसंग येत नाही.

११. फक्त रिव्हर्स टाकताना कडकड होते. दुरुस्ती लागेल का?

बहुतेक जुन्या ट्रकच्या रिव्हर्सला, आणि काहींच्या पहिल्या गिअरलाही, सिंक्रो नसतो. क्लच दाबून काही सेकंद थांबल्यावर आवाज येत नसेल, तर दोष नाही, घाई टाळावी. थांबूनही येत असेल, तर प्रश्न ४ पाहावा.

१२. घाट उतरताना गिअर आपोआप न्यूट्रल होतो. थंडीमुळे असे होते का?

नाही. हा दोष कोणत्याही ऋतूत सारखाच धोक्याचा आहे, आणि अशी गाडी पसरणी, कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटात नेऊ नये. गिअर गुंतवून ठेवणारे दात झिजून गोलसर झाले असतील, सिलेक्टर रॉडला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी कमजोर झाली असेल, किंवा गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे रबर तुटले असेल. माउंटिंग बाहेरून दिसते, म्हणून ते आधी पाहावे. लिव्हर हाताने किंवा दोरीने धरून ठेवण्याचा उपाय काही जण करतात. त्याने फोर्क झिजतो आणि गिअर सुटायचा तेव्हा सुटतोच.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर मुद्दाम न्यूट्रल करणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. तेव्हा इंजिनाचा ब्रेक निघून जातो, सगळा भार ब्रेक लायनिंगवर येतो, आणि गाडी वेगात असताना गिअरबॉक्समधला काउंटर शाफ्ट मात्र आयडलच्या वेगानेच ऑइल उडवत राहतो.

१३. माझ्याकडे जुनी ऑटोमॅटिक पिकअप आहे. सकाळी 'डी'मध्ये टाकल्यावर काही सेकंद हलतच नाही, मग एकदम झटका देऊन निघते. असे का होते?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर गुंतवण्याचे काम ऑइलच्या दाबाने होते, आणि तो दाब यायला उशीर होत आहे. त्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे एटीएफची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलची) पातळी कमी असणे. तसे नसेल, तर रात्रभर उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलद्वारे जोडणाऱ्या भागातले) ऑइल खाली उतरून जाणे, फिल्टर चोंदणे, किंवा आतले रबरी सील वयामुळे कडक होणे ही कारणे असतात. कडक झालेले सील गार असताना दाब धरत नाहीत आणि तापल्यावर धरतात, म्हणून दुपारी गाडी निर्दोष वाटते.

पातळी कशी पाहायची हे गाडीगणिक वेगळे असते. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून आणि ऑइल गरम असताना पाहतात. काहींत डिपस्टिकच नसते आणि ते काम लिफ्टवर करावे लागते. गार ऑइलवर पाहून वरपर्यंत भरल्यास तापल्यावर ते जास्त होते. ऑइल लालसर असावे. तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेटा जळत आहेत. उशीर होतो म्हणून न्यूट्रलमध्ये इंजिन रेस करून 'डी'मध्ये टाकणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. ब्रेक दाबून 'डी'मध्ये टाकावे, गाडीने ओढ घेतल्याचे जाणवेपर्यंत थांबावे आणि मगच ॲक्सिलरेटर द्यावा.

१४. जुन्या ऑटोमॅटिकचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स बसतो, असे वडील सांगतात. मग बदलूच नये का?

त्यांनी तसे घडलेले पाहिले असेल, पण कारण वेगळे असते. लोक बहुधा गिअर घसरू लागल्यावरच ऑइल बदलायला येतात. तोपर्यंत प्लेटा झिजलेल्या असतात, आणि त्या नव्या ऑइलने परत येत नाहीत. गिअर नीट पडत असतील आणि ऑइलला जळका वास नसेल, तर ते बदलावे. आमचे मत असे की, जुन्या गाडीत मशीनच्या दाबाने सगळे ऑइल ढकलून काढण्यापेक्षा खालची ऑइल पॅन काढून, फिल्टर बदलून, निघेल तेवढेच ऑइल नवे भरावे आणि काही हजार किलोमीटरनंतर तेच पुन्हा करावे. ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच असावे. सगळ्या गाड्यांना चालते असे सांगून विकले जाणारे घेऊ नये.

१५. एएमटी गाडी थंडीत न्यूट्रलमध्येच अडकते आणि दिवा लागतो. गिअरबॉक्स गेला का?

आधी बॅटरी तपासावी. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आतून साधाच असतो. क्लच आणि गिअर हलवण्याचे काम विजेवर चालणारी यंत्रणा करते. गारठ्यात जुनी बॅटरी कमी ताकद देते, आणि इंजिन सुरू झाले तरी या यंत्रणेला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर आणि यंत्रणेतल्या ऑइलची पातळी पाहून मगच स्कॅनर लावावा. क्लच प्लेट झिजलेली असेल, तर यंत्रणेला नवे माप शिकवावे लागते, आणि ते काम त्यासाठीचा स्कॅनर असलेल्या ठिकाणीच होते.

१६. हे सगळे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरलाही लागू होते का?

क्लचची चाचणी लागू होते, ऑइलचे उत्तर मात्र होत नाही. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांचे ऑइल एकच असते, आणि काहींत ब्रेकही त्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. त्यात ट्रकचे ९० भरल्यास थंडीत लिफ्ट उचलत नाही आणि ब्रेक आवाज करू लागतात.

१७. गिअर अडलेला ट्रक दुसऱ्या गाडीने ओढून नेताना न्यूट्रल केला की पुरते का?

यार्डातून बाहेर काढण्यापुरते पुरते, महामार्गावरून वर्कशॉपपर्यंत नेण्यासाठी पुरत नाही. मागची चाके फिरत असताना गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने काउंटर शाफ्ट थांबलेला असतो आणि वरच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नाही. ऑटोमॅटिक गाडीत पंपच बंद असल्याने नुकसान आणखी लवकर होते. म्हणून मागची चाके उचलून न्यावीत, किंवा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) क्राउनच्या बाजूने सोडवावा. सोडवण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावावेत, कारण इंजिनाचा धर त्या क्षणी सुटतो. शाफ्ट आणि फ्लँज यांवर खडूने एकसारखी खूण करावी, म्हणजे तो परत त्याच स्थितीत बसतो. क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या, टोप्या उघड्या पडत असतील, तर त्या चिकटपट्टीने गुंडाळाव्यात आणि शाफ्टचे मोकळे टोक चासीला तारेने घट्ट बांधून ठेवावे. ओढल्या जाणाऱ्या ट्रकचे इंजिन बंद असल्यास एअर भरत नाही, त्यामुळे साखळीऐवजी टो-बार (ओढण्याचा ताठ दांडा) वापरावा आणि दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवणारा जाणता माणूस केबिनमध्ये बसवावा.